राहिलेलं मतदान

मोठ्या देशांची परराष्ट्र धोरणं कुठे ठरतात कोण जाणे. आमचं ठरतं संसदेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, अकरा खुर्च्यांच्या टेबलाशी. आणि गेली एकतीस वर्षं ते ठरायला सेयिलकान-एजेचे बोरसोक लागत आले.

ही थट्टा नव्हे. परराष्ट्र व्यवहार समितीचा नियम असा, की अकरांपैकी सहा सदस्य आल्याशिवाय बैठक सुरू होत नाही, आणि समितीने शिफारस केल्याशिवाय शेजाऱ्यांशी केलेला कुठलाही करार सभागृहापुढे जात नाही. मंत्री कितीही घाईत असोत. आता सकाळी दहाला सहा माणसं गोळा करणं काय सोपं आहे? कुणाच्या पुतण्याचं लग्न, कुणाचा घोडा शर्यतीला, कुणाचं नुसतंच अंग मोडून आलेलं. आधीच्या सचिवाने नोटिसा काढून काढून हात टेकले होते. सेयिलकान नोकरीला लागली तेव्हा तिशीची होती. पहिल्याच महिन्यात दोन बैठका माणसांअभावी बुडाल्या. तिसऱ्या वेळी तिने नोटीस काढलीच नाही. घरून कणीक मळून आणली, खालच्या उपाहारगृहाच्या आचाऱ्याला गोड बोलून बाजूला सारलं, कढईभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि समितीच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. गरम तळणाचा वास जिन्यावरून खाली-वर फिरला. पावणेदहाला आठ जण हजर होते, आणि त्यातला एक तर भलत्याच समितीचा होता.

एजे म्हणजे मोठी बहीण. पण तिच्याहून वीस वर्षांनी मोठे सदस्यही तिला एजेच म्हणायचे. बुटकी, रुंद बांध्याची, डोक्याला कायम निळा रुमाल. नाकासमोर चालणारी बाई. तिचं खरं काम बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं, आणि त्याबाबतीत तिचा हट्ट एकच होता: झालं ते लिहायचं. होणार होतं, व्हायला हवं होतं, बोलायचं राहून गेलं, यातलं काही लिहायचं नाही. एकतीस वर्षांच्या इतिवृत्तांत तिचं स्वतःचं नाव फक्त तळाशी, सहीपुरतं. बैठकीत ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

तिच्या वतीने पेन्सिल बोलायची. आमची माणसं बोलायला लागली की विषय पार डोंगर ओलांडून जातो. मतदान घ्यायचं राहिलं, विषयपत्रिकेतला एखादा मुद्दा सुटला, तर एजे समोरच्या पाण्याच्या ग्लासवर पेन्सिल दोनदा वाजवायची. टक टक. अध्यक्ष दचकून म्हणायचे, "हां, हां, मतदान." असे सात अध्यक्ष तिने वळण लावून तयार केले. आठवे एर्मेक सत्तारोविच, पूर्वीचे कुस्तीचे प्रशिक्षक, मनाने लोण्यासारखे आणि विसरभोळे. त्यांच्या काळात पेन्सिलीला टोक कमी आणि काम जास्त होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात एजे निवृत्त व्हायची होती. मे महिन्यात शेजारी देशाशी झालेला सीमाकरार समितीकडे आला. नव्वद पानं, पाच नकाशे. प्रती काढता काढता तिसऱ्या नकाशावर तिचा हात थांबला.

नकाशावर तेक्तिर गाव होतं. तिचं माहेर. गावाच्या वर उन्हाळी कुरण होतं, आणि कुरणाच्या कडेने एक कोरडी घळ दाखवून सीमेची रेषा घळीच्या अलीकडून ओढली होती. घळ कोरडी नव्हती. तिथे केलिन-बुलाक होता, नवरीचा झरा. मेअखेर बर्फ वितळलं की फुटणारा आणि सप्टेंबरात आटणारा. मोजणीची माणसं मार्चमध्ये आली असणार. बर्फाखाली त्यांना काय दिसणार? कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण रेषा दोनशे पावलं अलीकडे आली होती, आणि त्या दोनशे पावलांबरोबर तेक्तिरच्या चार हजार मेंढरांचं उन्हाळ्याचं सगळं पाणी गेलं होतं. दुसरं पाणी खाली, दीड दिवसाच्या वाटेवर.

त्या दिवशी दुपारी धाकट्या भावाचा, जुमादिलचा, फोन आला. तो मेंढरं घेऊन वर निघायच्या तयारीत होता.

"एजे, यंदा वर कधी येतेस? झऱ्याचं पाणी प्यायल्याशिवाय तुझे गुडघे काही बरे व्हायचे नाहीत."

"बघते. गवत कसं आहे?"

"गवत चांगलं आहे. तुझा आवाज का असा?"

"तळणाचा धूर गेला घशात," ती म्हणाली.

समितीपुढे येईपर्यंत कागद बंद. हा नियम तिने मंत्र्यांच्या जावयालाही मोडू दिला नव्हता, तर भावाला कसा मोडू देणार? फोन ठेवून ती उरलेल्या प्रती काढायला लागली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की अकरा जणांतल्या एकाने तरी तिसरा नकाशा उघडून विचारावं, इथे पाणी आहे का? कुणीतरी विचारेलच, असं तिला वाटलं.

कुणी विचारलं नाही. मंगळवारच्या बैठकीला सात जण आले. उपमंत्री अदिलेत, तिशीतला, परदेशात शिकलेला, बूट आरशासारखे, वीस मिनिटं सुरेख बोलला. शेजाऱ्यांचे संबंध, हिवाळ्यातला त्यांचा गॅस, बाजाराचा रस्ता. मग सदस्यांनी प्रश्न विचारले. एकाने रस्त्याची रुंदी विचारली. दुसऱ्याने शेजाऱ्यांच्या मंत्र्याच्या तब्येतीची चौकशी केली. तिसऱ्याने प्रश्न न विचारता आपल्या मतदारसंघातल्या पुलाचं घोडं पुढे दामटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, एजेला वाटलं, आणि तिने पुलाबद्दल जे बोललं गेलं ते शब्दन्‌शब्द लिहिलं.

चहा ओतला जात होता, अर्धा अर्धा पियाला, पाहुण्याने पुन्हा मागावा म्हणून. बोरसोकांची रास खाली बसली. एर्मेक म्हणाले, "तर मग, मतदान," आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बोलायला खिडकीशी गेले.

टेबलाच्या टोकाला शारशेनबेक-अता बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, समितीतले सर्वांत वडील, म्हणून अता. चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करून मग राजकारणात आलेले. कानाने जरा कमी. त्यांनी दाढीवरचे कण झटकले, ताटाकडे पाहिलं, ताट रिकामं होतं. ताट रिकामं आणि आपण वडील, म्हणजे पुढे काय करायचं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी दोन्ही तळहात पसरले.

"देशात शांतता नांदो. शेजारी सुखी असो. जनावर वाढो, पोरं वाढोत. ओमिन."

वडीलधाऱ्याने बाता दिली, आशीर्वाद दिला, की जेवण संपलं, बोलणं संपलं, बसणं संपलं. टेबलाशी उरलेल्या सहा जणांचे बारा हात चेहऱ्यांवरून फिरले. अदिलेतचेही फिरले, परदेशातलं शिक्षण अंगात मुरलं नव्हतं तेवढं आईचं मुरलं होतं. खिडकीशी फोन कानाला लावलेल्या अध्यक्षांनी एका हाताने चेहरा पुसला. खुर्च्या सरकल्या, कोट चढले, माणसं निघाली. मतदान झालंच नव्हतं.

एजेची पेन्सिल ग्लासच्या कडेवर होती. एक बोटभर खाली आणली की झालं. तिने ती आणली नाही.

खोली रिकामी झाली. मग अदिलेत परत आला.

"एजे, इतिवृत्त आज मिळेल ना? सात विरुद्ध शून्य."

"मतदान झालं नाही, बाळा."

तो हसला. मग हसायचा थांबला. "पण सगळे तयार होते. अतांनी बाता दिली, म्हणजे संमतीच झाली की."

"बाता बोरसोकांची होती. कराराची नव्हती."

"तुम्ही फक्त एक आकडा लिहायचा आहे, एजे. मी शेजाऱ्यांना शुक्रवारी कळवतो म्हणून बसलोय."

"सहा लिहू का? आठ? आकडे माझ्याकडे पुष्कळ आहेत. आजचा एकही नाही."

तो तणतणत अध्यक्षांकडे गेला. थोड्या वेळाने एर्मेक स्वतः आले, मान खाजवत. "चूक माझीच. पण लिहून टाका ना. सगळे हो म्हणणारच होते."

"म्हणणार होते ते मी लिहीत नाही."

"मग काय लिहिणार?"

"झालं ते."

अध्यक्ष गेल्यावर ती लिहायला बसली. विषय, हजेरी, पूल, सगळं नेहमीसारखं उतरलं. 'मतदान झाले नाही. ज्येष्ठ सदस्यांच्या आशीर्वादाने बैठक संपली.' इथवर आली आणि अडली. वाक्य खरं होतं. तरी ते तिला खोट्यासारखं टोचत होतं. एकतीस वर्षांत कितीदा मतदान राहिलं असेल, आणि एकदाही तिने राहू दिलं नव्हतं. आजच का राहिलं? अदिलेतला ती ताठ मानेने नियम सांगत होती, पण नियम तिच्या भावाच्या मेंढरांना पाणी पाजत होता, आणि हे खोलीत फक्त तिला माहीत होतं. तिला लाज वाटली. आणि लाजेखाली, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही होता, म्हणून आणखी लाज वाटली. चहा गार झाला.

शेवटी तिने दोन ओळी वाढवल्या आणि कागद अध्यक्षांपुढे ठेवला. 'मतदान राहिल्याची आठवण करून देणे हे सचिवाचे काम आहे. सचिवाने ती दिली नाही. सचिव तेक्तिर गावची आहे.'

एर्मेकनी दोनदा वाचलं. "हे काय? हात दाखवून अवलक्षण. चार महिने राहिलेत तुमचे. या ओळी काढा."

"या काढल्या तर वरचीही काढावी लागेल."

"का?"

"एकटी ती खोटी होते."

कुस्तीच्या माणसाला पकड कळते. त्यांनी कागद खाली ठेवला. "तेक्तिरला काय आहे, एजे?"

तिने वही मिटली. मग म्हणाली, "तुम्हाला एकट्याला सांगितलं तर ती चुगली. समितीने विचारलं तर सांगेन."

गुरुवारी समिती पुन्हा बसली. कुजबुज सगळीकडे पोचली होती, त्यामुळे नऊ जण आले; बोरसोकांमुळे किती आणि कुतूहलाने किती, सांगता येत नाही. अध्यक्षांनी त्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. एजेने मान खाली घातली होती. मग ते म्हणाले, "समिती सचिवांना साक्षीला बोलावते." आणि लगेच पेच पडला. ती बोलणार, तर लिहिणार कोण? नऊ जण एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी अध्यक्षांनीच वही ओढून घेतली आणि पेन मुठीत असं धरलं की जणू ते निसटून पळेल.

एजे उभी राहिली. गुडघा कटकन वाजला. ती पाच मिनिटंही बोलली नाही. झरा कधी फुटतो, कधी आटतो, किती जनावरं पितात, खालचं पाणी किती लांब. पलीकडच्या खेड्यातली गुरंही त्याच झऱ्यावर येतात आणि आजवर कधी भांडण झालेलं नाही, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर तिची बाजू जास्त जड झाली असती.

शारशेनबेक-अतांनी कानामागे हात धरला. "पाणी किती गार असतं? बर्फाचं गार पाणी मेंढराच्या पोटाला बाधतं."

"झऱ्यापाशी बाधेल, अता. म्हणून आम्ही जरा खाली, ओहोळावर पाजतो. तिथवर सपाट दगडांवरून उन्हात वाहत येतं."

अतांनी आणखी एक बोरसोक उचलला.

अदिलेत उठला. त्याचंही चुकीचं नव्हतं. "एका झऱ्यासाठी करार परत उघडायचा? गॅस त्यांच्याकडून येतो. आपण लहान आहोत, एवढं तरी लक्षात ठेवा."

"लहान आहोत म्हणून पाणी पिऊ नये?" पुलवाले सदस्य म्हणाले. त्यांच्याकडून ही अपेक्षा कुणालाच नव्हती. मग जुंपली. तासभर चालली. शेवटी प्रस्ताव एवढा उरला: रेषा आहे तिथे राहू द्या, पण झरा मे ते सप्टेंबर दोन्हीकडच्या जनावरांना खुला, ही अट करारात घाला. चार जण मान डोलवत होते, चार जण नकाराची मान हलवत होते. अता बोरसोक खात होते. त्यांचं मत एजेला माहीत होतं. शेजाऱ्याशी वितंडवाद घालू नये, हे ते गेली नऊ वर्षं सांगत आले होते आणि तिने ते नऊ वर्षं लिहिलं होतं.

ती आपल्या जागी येऊन बसली होती. बोलणं ओसरलं, चहा संपला, ताट रिकामं झालं. एर्मेक मान खाली घालून वही भरत होते. त्यांना जगाचं भान नव्हतं. अतांनी दाढी झटकली आणि सावकाश दोन्ही तळहात पसरले.

सगळ्यांचे हात आपोआप पसरले.

एजेने हिशेब केला. सोमवारपासून संसदेला सुट्टी. आज मतदान राहिलं तर करार शरदावर गेला. हा उन्हाळा तरी जुमादिलची मेंढरं पाणी पितील, पुढचं पुढे. आणि मतदान झालं तर चारास पाच, झरा आजच गेला. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिची हयात गेली होती.

टक टक.

पसरलेले हात तसेच राहिले. अध्यक्षांनी वहीतून डोकं वर काढलं. "हां, हां. मतदान."

अटीच्या बाजूने चार हात वर झाले. एजेने मोजले, सवयीने, वही समोर नसतानाही. मग शारशेनबेक-अतांचा डावा तळहात मांडीवर तसाच पसरलेला राहिला आणि उजवा वर गेला.

"अता, हे अटीच्या बाजूचं मतदान आहे," अदिलेत जरा मोठ्याने म्हणाला.

"कळलं, ओरडू नकोस. कानाने कमी आहे, अकलेने नाही." अतांनी हात वरच ठेवला. "मंगळवारी माझी चूक झाली. आज मुद्दाम केली. मेंढरू आजारी आहे का, हे मेंढपाळाला विचारून कळत नाही. पाण्यावर नेऊन बघावं लागतं." ते एजेकडे वळले. "सेयिल, तू आपल्या फायद्यासाठी गप्प बसतेस का, ते बघायचं होतं. आज वाजवली नसतीस तर माझा हात खालीच राहिला असता. तुझा झरा खरा आहे. लिही रे, एर्मेक, पाचास चार."

मग त्यांनी अर्धी राहिलेली बाता पुरी केली. एजेने दोन्ही हातांनी चेहरा पुसला, आणि ते हात बराच वेळ तिथेच ठेवले. 

जूनमध्ये अदिलेत शेजाऱ्यांकडे जाऊन आला. परतल्यावर मंत्रालयात न जाता आधी दुसऱ्या मजल्यावर आला आणि विचारल्याशिवाय बोरसोकाच्या डब्यात हात घातला.

"काय म्हणाले?" एजेने विचारलं.

"रागावले. मी म्हटलं, मी काय करू, आमची समिती फार हट्टी आहे. मंत्र्यांचंही ऐकत नाही." तो खाता खाता थांबला. "एजे, आमच्यासारख्यांनी नाही म्हटलं तर मोठा माणूस चिडतो. समितीने म्हटलं तर काय करणार? त्यांनी हो म्हटलं. आणखी दोन गोष्टींवर मी हेच वापरलं."

"कुठल्या?"

"कागद बंद आहेत," तो म्हणाला, आणि ती हसली. त्याने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

सप्टेंबरात तिची शेवटची बैठक झाली. जुमादिलने गावच्या गाडीवाल्याबरोबर झऱ्याचं पाणी पाठवलं होतं, मोठे दोन कॅन, वर गवताची बूचं. त्या दिवशीचा चहा तिने त्याच पाण्याचा केला. अकराच्या अकरा सदस्य आले होते, तसं या समितीत पूर्वी कधी झालेलं नव्हतं. नवी सचिव तिच्या शेजारी बसली होती, कोरी वही आणि टोकदार पेन्सिल घेऊन. विषय संपले. मतदानं झाली. ताट रिकामं झालं. अतांनी हात पसरले आणि मध्येच थांबून तिच्याकडे पाहिलं.

"सेयिल, काही राहिलं का?"

काहीच राहिलं नव्हतं. तिने विषयपत्रिका पाहिली, पुन्हा पाहिली. मग पेन्सिल उचलून ग्लासवर दोनदा वाजवली.

"हे इतिवृत्तात लिहायचं का?" नव्या मुलीने हळूच विचारलं.

"झालं ना?" एजे म्हणाली. "मग लिही."